‘तुका म्हणे’ नसलेला अभंग

एकादशीच्या रात्री आमच्या राहूच्या देवळात भजन रंगात आलं, की बाराच्या सुमाराला वीणेकरी बुवा पेटीवाल्याकडे एकदा बघतात आणि ‘आधी बीज एकले’ सुरू होतं. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधलं हे आमचं बेट. ऊस आणि गुऱ्हाळं हाच इथला संसार. बी पेरणाऱ्या माणसांना बियाचं गाणं समजावून सांगावं लागत नाही. टाळकरी डोळे मिटतात, पखवाजाचा हात आपोआप हलका होतो, आणि मागे खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याही ओठ हलवायला लागतात. लहानपणापासून हे मी बघत आलो. हा अभंग तुकोबांचा नसेल, अशी शंका मला कधी आलीच नाही.

पुढे मी शाळेत मराठी शिकवू लागलो. एका वर्षी आषाढीच्या आधी हे पद फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली ‘संत तुकाराम’ असं नाव घातलं. मुलांनी ते वह्यांत उतरवून घेतलं. त्या वह्या आता कुठे असतील देव जाणे, पण ती चूक माझी आणि ती मी अनेक वर्षं शिकवली. निवृत्तीनंतर निवांतपणी गाथा वाचायला घेतली, तेव्हा सहज सूचीत ‘आ’ काढून बघितला. साडेचार हजारांहून अधिक अभंगांत हे पद नाही. मग लक्षात आलं, की पुरावा पहिल्यापासून डोळ्यांसमोरच होता. एक तर ही रचना अभंगाच्या मापात बसत नाही. गाथ्यातला मोठा अभंग सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांनी चालतो. इथे ओळी लहानमोठ्या, चालीच्या कलाने वळलेल्या. दुसरं म्हणजे या पदाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ नाही.

हे पद 1936 साली लिहिलं गेलं, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठी. लिहिणारे शांताराम आठवले. पुण्याचा हा कवी 1910 सालचा, म्हणजे तेव्हा सव्वीस वर्षांचा. चाल केशवराव भोळे यांची. ज्या चित्रांमधून ते गाणं आपल्यापुढे येतं ती चित्रं विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल या दोन जुन्या पडदे रंगवणाऱ्यांच्या डोळ्यांतून उतरलेली. कवी, संगीतकार आणि चित्रकार एकत्र आले आणि त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीची वाटावी अशी वस्तू नव्याने घडवली. मला कुतूहल वाटलं ते याचं. अशी माणसं एकत्र येतात कशी, आणि आल्यावर त्यांची नावं जातात कुठे?

आधुनिक कलेच्या इतिहासात अशा एकत्र येण्याचा दाखला द्यायचा झाला तर हमखास पॅरिसचा देतात. 18 मे 1917 रोजी तिथे ‘पराद’ नावाचं नृत्यनाट्य रंगमंचावर आलं. कल्पना झाँ कॉक्तो या कवीची, संगीत एरिक साती यांचं, पडदा आणि पोशाख पिकासोचे, नृत्यरचना मासीन यांची. संगीतात टंकलेखन यंत्राची टकटक, भोंगा आणि पिस्तुलाचा बार. प्रेक्षकांतून शिट्ट्या आणि शिव्या आल्या. कार्यक्रमपत्रिकेत अपोलिनेर या कवीने वापरलेला एक शब्द पुढे ‘अतिवास्तववाद’ या चळवळीचं नाव झाला. युरोपात महायुद्ध चाललं होतं, आणि जुनं सगळं मोडीत काढल्याशिवाय नवं येणार नाही अशी या मंडळींची खात्री होती.

त्याच सुमाराला कोल्हापुरात बाबूराव पेंटर एक कॅमेरा घडवत होते. जन्म 1890 चा, मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, नदीचा घाट असे पडदे. त्या काळी पडदा उघडला की नट तोंड उघडायच्या आधीच चित्रकाराला टाळी पडायची. दोघांनी सिनेमा पाहिला आणि आपणही करावा असं घेतलं. पण परदेशी कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो आपणच बनवायचा ठरलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं. लेथवर घासून, पत्रा ठोकून, चुकत-माकत. कलेतल्या नव्या युगाची सुरुवात आमच्याकडे घोषणापत्राने झाली नाही, ती कानशीने झाली.

कंपनी काढायला पैसे कुणी दिले, तर तानीबाई कागलकर या गायिकेने. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोल्हापूर तेव्हा शाहू महाराजांचं होतं. दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते, गावात आबालाल रहिमान चित्रं काढत होते, नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत होते. गाणारी बाई, पडदे रंगवणारे मेस्त्री आणि तालमीतले पैलवान एकाच गल्लीबोळांत राहत. त्यांच्या एकत्र येण्याला कुणा संपादकाची किंवा रसिक श्रीमंताची मध्यस्थी लागली नाही. एका गायिकेच्या गळ्याने मिळवलेला पैसा महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पायात गेला. 1920 साली ‘सैरंध्री’ निघाला आणि तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. बाबूरावांचं नाव राहिलं. तानीबाईंचं नाव सिनेमाच्या इतिहासात एका ओळीपुरतं येतं.

बाबूरावांचा ‘सावकारी पाश’ 1925 चा. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराने जमीन गिळलेला तरुण शेतकरी अखेर शहरात गिरणीच्या दाराशी जातो. ते काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. या चित्रपटाविषयी वाचताना माझ्यासारख्या भीमथडीच्या माणसाला आपल्या घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं. 12 मे 1875 रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला आणि खतं-रोखे काढून त्यांची होळी केली. हा वणवा शिरूर, इंदापूर, पुरंदर असा पसरला. इंग्रजांना चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘खत फाडलं’ हा शब्द अजून जिवंत आहे. आणि खतं पाण्यात सोडण्याची आठवण तर त्याही आधीची. वडिलोपार्जित सावकारीतल्या आपल्या वाट्याचे रोखे तुकोबांनी इंद्रायणीत बुडवले, ही कथा ठाऊक नसलेला वारकरी सापडायचा नाही.

दामले आणि फत्तेलाल हे दोघेही बाबूरावांच्या त्या कारखान्यात तयार झालेले. शेतकऱ्याचं खोपटं कसं दिसतं, फाटकं धोतर खांद्यावर कसं पडतं, उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर प्रकाश कुठून घ्यायचा, हे त्यांनी तिथे शिकून घेतलं. ‘संत तुकाराम’मधलं देहू खरं वाटतं, त्याची मुळं अकरा वर्षं आधीच्या या मूकपटांच्या दिवसांत आहेत. 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली; भांडवल सीताराम कुलकर्णी या सराफाचं. गुरूला सोडून शिष्य निघाले, तेव्हा गुरूला काय वाटलं असेल तो निराळा विषय. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली.

संगीताच्या बाजूने कथा जरा वेगळी आहे. प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. त्याचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. टेंबे म्हणजे 1911 च्या ‘मानापमान’च्या चालींचे धनी, पेटीचे बादशहा. त्यांच्याबरोबर संगीत नाटकाची सगळी श्रीमंती सिनेमात आली, आणि तिची खोडही आली. गाणं सुरू झालं की गोष्ट थांबायची. रंगमंचावर हे चालून गेलं, कारण लोक येतच गाण्याला. पडद्यावर मात्र कॅमेरा समोर बसून राहिला तर त्याला जांभई येते.

ही खोड मोडायचा प्रयत्न मुंबईत चालला होता. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते आणि केशवराव भोळे अशा मंडळींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली आणि 1 जुलै 1933 रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं. वर्तकांचं हे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवर बेतलेलं होतं. स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. नायिका ज्योत्स्नाबाई भोळे, मूळच्या गोव्याच्या. रंगवलेले पडदे गेले आणि खरी वाटणारी खोली आली. गाणी मोजकी आणि लहान. पात्राच्या मनात जेवढं दाटेल तेवढीच. नाटककार, कवी, नट आणि संगीतकार यांनी आधी बसून विचार करायचा आणि मग हात घालायचा, असं मराठीत इतक्या जाणीवपूर्वक क्वचितच घडलं असेल. पण संस्था अल्पायुषी ठरली. नाटकाच्या इतिहासात तिला मानाचं पान आहे. राहूच्या किंवा पारगावच्या माणसाला मात्र तिचा पत्ता नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे घडते. नाट्यमन्वंतरातली माणसं प्रभातमध्ये आली. दाते आले, काळे आले, आणि 1934 च्या ‘अमृतमंथन’पासून संगीत भोळ्यांकडे आलं. आठवलेही त्याच चित्रपटापासून गीतं लिहू लागले. भोळे वैद्यकीचा अभ्यास अर्धवट सोडून गाण्याकडे वळलेले. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी ते संगीतावर टीका लिहीत, आणि मोठ्यामोठ्या गवयांची भीडभाड ठेवत नसत. असा माणूस चाल बांधायला बसतो, तेव्हा शब्द का आला, कुणाच्या तोंडी आला, हे आधी विचारतो. नॉर्वेच्या नाटकासाठी मुंबईत तयार झालेला हा कान तीन वर्षांनी तुकोबांच्या कामी आला.

‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला तर हा कान ऐकू येतो. चित्रपटात सालोमालो नावाचा कीर्तनकार आहे. तुकोबांची रचना तो आपली म्हणून खपवतो, आणि उलट तुक्यानेच माझं चोरलं असा कांगावा करतो. भोळ्यांनी इथे एक नामी गोष्ट केली. तेच शब्द तुकोबांच्या तोंडी साध्या, सरळ चालीत येतात आणि सालोमालोच्या तोंडी मुरडत, नटत, ताना फेकत येतात. पटकथा शिवराम वाशीकरांची. पण चोरी कुणाची हे प्रेक्षकाला कळतं ते आधी चालीवरून. संवाद त्या मानाने उशिरा पोचतो. नाटकी गाण्यावर भोळ्यांनी लेखणीने जी टीका वर्षानुवर्षं केली, ती इथे त्यांनी नुसत्या सुरांत केली, आणि लोक हसले.

चित्रकारांनीही अशीच शिस्त पाळली. विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करायचे. त्यांच्या चेहऱ्यातलं मार्दव दामले-फत्तेलालांनी पुसून टाकलं नाही, उलट त्याच्यावरच तुकोबा उभे केले. समोर गौरी यांची आवली दिली, खणखणीत बोलणारी, शेणामातीत हात असलेली. एकाची नजर वर लागलेली, दुसरीचे पाय जमिनीत रुतलेले. वैकुंठगमनाचा गरुड आज मुलांना पुठ्ठ्याचा वाटतो. आवली मात्र अजून कुणाला खोटी वाटलेली मी पाहिली नाही.

आणि मग ते पद. आठवल्यांना तुकोबांचा सूर पकडायचा होता, पण तुकोबांचं नाव वापरायचं नव्हतं. वारकरी परंपरेत मुद्रिका म्हणजे सही. ‘तुका म्हणे’ लिहिलं असतं तर ते पद अभंगासारखं पुरतं सजलं असतं, कुणाला संशयही आला नसता. त्यांनी तो मोह टाळला. ज्या चित्रपटात दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव घालणारा खलनायक आहे, त्यात गीतकाराने आपल्या शब्दांवर दुसऱ्याचं नाव घालायचं नाकारलं. हे त्यांनी किती विचारपूर्वक केलं, ते मी सांगणार नाही. केलं एवढं दिसतं. उरलेलं काम लोकांनी केलं. रिकामी जागा बघून त्यांनी तिथे आपल्या मनाने ‘तुका’ लिहिला. फळ्यावर मीही तेच केलं.

12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला आणि सलग 57 आठवडे चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच वर्षी प्रभातचा ‘कुंकू’ आला. दिग्दर्शक शांताराम, कथा पुन्हा नारायण हरी आपटे यांची, संगीत भोळे, गीतं आठवले. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, रस्त्यावरचा गलका, जे प्रसंगात आहे तेच ऐकू येतं. शांता आपटे तर त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. पॅरिसच्या साती यांनी संगीतात टंकलेखन यंत्र आणलं म्हणून त्यांची नोंद जगाने घेतली. भोळ्यांनी मध्यमवर्गीय घरातलं भिंतीवरचं घड्याळ संगीतात आणलं. पण आपण ‘कुंकू’ला सामाजिक चित्रपटांच्या कप्प्यात टाकलं, ‘तुकाराम’ला संतपटांच्या, आणि दोन्ही मागची माणसं एकच होती हे विसरून गेलो. मराठीतली आधुनिकता मर्ढेकरांपासून मोजायची आपली सवय आहे. कवितेपुरती ती ठीक आहे. पण कविता, चाल आणि चित्र यांनी मिळून नवं काही करायचं, तर ते आधीच, पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका आवारात होऊन गेलं होतं.

या आनंदात एक खडा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. फत्तेलालांना कंपनीत सगळे साहेबमामा म्हणत. तुकोबांची ही प्रतिमा घडवणाऱ्या दोघांतला एक मुसलमान चित्रकार होता, हे आमच्या भजनी मंडळात मी सांगितलं तेव्हा तरुण मंडळींपैकी दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काही भलतंच बोललो. देवळाच्या भिंतीवर जी तसबीर आहे, ते तुकोबा हुबेहूब पागनीसांसारखे दिसतात. त्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडात साहेबमामांचाही वाटा आहे. नावं गळून गेली म्हणून कला लोकांची झाली, असं म्हणायला बरं वाटतं. मीही पूर्वी भाषणात म्हणत असे. पण गळून गेलेल्या नावांत तानीबाई असतात, फत्तेलाल असतात, हे ध्यानात आल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

माझ्या आजोबांनी हा चित्रपट तंबूत पाहिला होता. नदी ओलांडून चालत यवतला गेले, पुढे चपला काढून तंबूत बसले. आषाढी वारीत देहूची पालखी यवतला मुक्कामाला येते, गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं; त्याच गावात जत्रेच्या दिवसांत तंबू लागला होता. पडद्यावर पागनीस आले तेव्हा बायकांनी नाणी आणि फुलं टाकली, असं आजोबा सांगायचे. घरी येताना चौघांनी मिळून ते पद आठवत आठवत बसवलं. एकाला शब्द आठवत होते, एकाला चाल. आमच्या देवळात ते अशा वाटेने आलं.

गेल्या कार्तिकी एकादशीला मी धीर करून बुवांना सांगितलं. वय ब्याऐंशी, गळ्यात माळ, आवाज अजून खडा. म्हटलं, “बुवा, आपण बाराला म्हणतो ते पद तुकोबांचं नाही.”

बुवांनी तंबाखूची चंची मिटली. “मास्तर, त्यात ‘तुका म्हणे’ कुठंय? मला माझ्या म्हाताऱ्यानं तवाच सांगितलंय. म्हणून तर ते आम्ही वारीच्या भजनात कधी घेत नाय. बाराच्या पुढं, माणसं पेंगाया लागली की घेतो.”

तीस वर्षं मी मराठी शिकवलं आणि ही शिस्त माझ्या कानांवर आली नव्हती.

“मग केलं कुणी?” त्यांनी विचारलं. मी आठवल्यांचं नाव सांगितलं. चाल कुणाची, म्हणाले. भोळ्यांचं सांगितलं. त्यांनी भजनाची वही माझ्यापुढे सरकवली. तेलकट पानांची, दोऱ्याने शिवलेली. त्या पदाच्या खाली जागा कोरीच होती. मी शाईच्या पेनाने दोन नावं लिहिली. पेटीवाला वाकून वाचत होता. तो म्हणाला, “आन् गायलं कुणी, ते बी लिवा.” पागनीस लिहिलं. मग मी न विचारताच दामले आणि फत्तेलाल अशी आणखी दोन नावं लिहिली. कुणी काही बोललं नाही. बुवांनी वही घेतली, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि वीणा उचलली.